कलचुरी घराणे (मंगळवेढा व कल्याणी)

हा लेख बाराव्या शतकात मंगळवेढा व कल्याणी येथून राज्य करणाऱ्या दक्षिणेतील कलचुरी घराण्याविषयी आहे. माहिष्मती, त्रिपुरी व रतनपूर येथील शाखांचा उल्लेख प्रसंगापुरताच केला आहे.

कलचुरी (कन्नड लेखांत कळचुर्य) हे दख्खनमधील एक मध्ययुगीन राजघराणे होय. सध्याच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा हे त्याचे दक्षिणेतील मूळ ठाणे होते. कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून उदयास आलेल्या या घराण्यातील दुसरा बिज्जल याने इ.स. ११६२ मध्ये कल्याणी (सध्याचे बसवकल्याण, जि. बीदर, कर्नाटक) ताब्यात घेऊन सार्वभौम सत्ता स्थापन केली. त्याच्या मुलांच्या कारकिर्दीनंतर ११८४ च्या सुमारास ही सत्ता संपुष्टात आली. कालावधीने अल्प असूनही महात्मा बसवेश्वरांच्या चळवळीमुळे हा काळ महाराष्ट्र व कर्नाटकाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला आहे.

‘कलचुरी’ हे नाव दक्षिणेतील या राज्याहून किमान पाच शतकांनी जुने आहे. त्याचा अर्थ सांगणाऱ्या अनेक कथा शिलालेखांत आढळतात. परंतु त्या नावाच्या उगमापेक्षा घराण्याच्या प्रतिष्ठेविषयी अधिक माहिती देतात, असे अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे.

नावाची रूपे

हे नाव कोरीव लेखांत एकाच रूपात आढळत नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस व सातव्या शतकाच्या आरंभी माळवा, गुजरात आणि उत्तर महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या शाखेच्या ताम्रपटांत ‘कटच्चुरी’ असे रूप येते. या शाखेतील शंकरगण राजाचा इ.स. ५९७ चा ताम्रपट नाशिक जिल्ह्यातील अभोणे येथे मिळाला असून तो उज्जयिनीहून दिलेला आहे. त्याचा मुलगा बुद्धराज याचा ताम्रपट त्याच जिल्ह्यातील वडनेर येथे मिळाला आहे. बदामीच्या चालुक्यांनी याच राजांचा पराभव केला. दुसऱ्या पुलकेशीच्या इ.स. ६३४–३५ च्या ऐहोळे येथील शिलालेखात मंगलेशाने कटच्चुरींची राजलक्ष्मी हिरावून घेतल्याचा उल्लेख आहे. चालुक्यांच्या लेखांत ‘कलत्सूरी’ असेही रूप आढळते. पुढे मध्य भारतातील लेखांत ‘कलचुरी’ हे रूप स्थिर झाले, तर दक्षिणेत ‘कळचुर्य’ असे संस्कृत वळणाचे रूप प्रचलित झाले.

ट आणि ल, तसेच च्च, त्स आणि च यांची ही अदलाबदल लक्षणीय आहे. ज्या शब्दाचा धातू किंवा मूळ संस्कृत लेखकांना ज्ञात असतो, त्याचे लेखन सहसा इतके अस्थिर राहत नाही. त्यामुळे हे मूळचे संस्कृत नाव नसावे आणि लेखकांनी ते कानाला जसे वाटले तसे लिहिले असावे, असे अनुमान केले जाते.

नावाची व्युत्पत्ती

शिलालेखांतील कथा

दक्षिणेतील लेखांत घराण्याच्या उत्पत्तीच्या दोन प्रमुख कथा येतात. कर्नाटकातील हरिहर येथील शिलालेखानुसार मूळ पुरुषाचे नाव कृष्ण असून तो शिवापासून एका ब्राह्मण कन्येच्या पोटी जन्मला. कालंजर येथे नरमांसभक्षक असा एक दुष्ट राजा राज्य करीत होता. कृष्णाने न्हाव्याचा वेश घेऊन त्याचा वध केला, कालंजर जिंकले आणि नऊ लक्षांचा डाहल देश आपल्या अंमलाखाली आणला. डाहल म्हणजे सध्याच्या जबलपूरच्या आसपासचा प्रदेश. कालंजर हा उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यातला प्रसिद्ध डोंगरी किल्ला होय.

दुसरी कथा इ.स. ११७४ च्या लेखात येते. तीत मूळ पुरुषाचे नाव सोम असे आहे. परशुरामाच्या कोपातून सुटण्यासाठी त्याने दाढी-मिशा वाढविल्या आणि त्यामुळे त्याच्या वंशजांना कलचुरी म्हणू लागले, असे सांगितले आहे. या कथेच्या आधारे ‘कल्लि’ म्हणजे लांब मिशी आणि ‘चुरी’ म्हणजे धारदार सुरी, असा नावाचा विग्रह केला जातो.

दोन्ही कथांत सुरी किंवा वस्तरा यांच्याशी असलेला संबंध सूचित होतो. पहिल्या कथेत न्हाव्याचा वेश आहे, दुसऱ्या कथेत न कापलेली दाढी आहे. ‘चुरी’ या ध्वनीवरून सुरी आठवणे स्वाभाविक असल्याने नाव आधी आणि कथा नंतर, असाच त्यांचा क्रम दिसतो. शिवाय हे नाव सहाव्या शतकात उज्जयिनी व विदिशा येथून राज्य करणारे राजे वापरत होते, तेव्हा बाराव्या शतकातील कन्नड लेखांच्या परिसरात जुळविलेला विग्रह त्याचे मूळ ठरू शकत नाही. जुन्या ‘कटच्चुरी’ या रूपाला तर तो लागूच पडत नाही.

असे असले तरी या कथा निरुपयोगी नाहीत. परशुरामाने सहस्रार्जुनाचा व त्याच्या हैहय कुळाचा संहार केला, ही कथा पुराणांत प्रसिद्ध आहे. परशुरामाच्या भयाने दाढी वाढविणाऱ्या पूर्वजाची कथा सांगणे म्हणजे आपण त्या संहारातून वाचलेले हैहय आहोत, असे सुचविणे होय. कालंजर आणि डाहल यांचा उल्लेख करणे म्हणजे त्रिपुरीच्या वैभवशाली कलचुरींशी आपले नाते जोडणे होय. चालुक्यांसारख्या जुन्या घराण्याच्या सिंहासनावर बसलेल्या मांडलिकांना अशा वंशकथेची गरज होती.

आधुनिक अभ्यासकांची मते

काही अभ्यासकांनी या नावाचा संबंध ‘कुलचुर’ या तुर्की पदवीशी जोडून घराणे परदेशी वंशाचे असावे, असा तर्क मांडला आहे. ध्वनिसाम्यापलीकडे त्याला स्वतंत्र पुरावा नाही. दक्षिणेतील शाखा मध्य भारतातून आली, हे मत मात्र बहुतेकांना मान्य आहे. इतिहासकार पां. भी. देसाई यांनीही त्याचा पुरस्कार केला आहे.

हैहय, चेदी आणि कलचुरी

ही तीन नावे अनेकदा एकाच अर्थाने वापरली जातात. प्रत्यक्षात त्यांचे स्वरूप भिन्न आहे.

• हैहय हे पौराणिक कुळाचे नाव आहे. माहिष्मतीचा कार्तवीर्य अर्जुन, म्हणजेच सहस्रार्जुन, हा या कुळातील सर्वांत प्रसिद्ध राजा.
• चेदी हे देशाचे नाव आहे. त्रिपुरी (जबलपूरजवळील तेवर) येथून त्या देशावर राज्य केल्यामुळे तेथील कलचुरींना चेदी राजे म्हटले जाते.
• कलचुरी हे घराण्याचे नाव आहे आणि स्थान बदलले तरी ते घराण्याबरोबर राहिले.

इ.स. २४८–४९ मध्ये सुरू झालेल्या कालगणनेलाही कलचुरी संवत असे नाव आहे. मात्र तिच्या आरंभी कलचुरींची सत्ता अस्तित्वात नव्हती. ही गणना नाशिक परिसरातील आभीर राजा ईश्वरसेन याच्यापासून सुरू झाली, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत आहे. कलचुरींनी ती दीर्घकाळ वापरल्यामुळे पुढे त्यांचे नाव तिला चिकटले. मिराशी यांनी या संवताचे लेख १९५५ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले. मंगळवेढ्याच्या शाखेने मात्र ही कालगणना वापरली नाही. तिच्या लेखांत शक संवत व राजवर्षे दिलेली असतात.

नावाप्रमाणे नाणीही राज्यापेक्षा दीर्घायुषी ठरल्याचे एक उदाहरण महाराष्ट्रात आहे. सहाव्या शतकातील कृष्णराज कलचुरीची बसलेल्या नंदीचे चिन्ह असलेली लहान चांदीची नाणी नाशिक, कऱ्हाड, मुंबई व साष्टी परिसरांत सापडली आहेत. नाशिकजवळील अंजनेरी येथे मिळालेल्या भोगशक्तीच्या इ.स. ७१०–११ च्या ताम्रपटात ‘कृष्णराज रूपक’ असा या नाण्यांचा उल्लेख आहे. म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळ त्याच्या नावाचे चलन व्यवहारात होते.

मंगळवेढा : ठाणे आणि त्याचे नाव

मंगळवेढा हे सोलापूर शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ५५ कि.मी. अंतरावर, भीमा नदीच्या दक्षिणेकडील काळ्या जमिनीच्या प्रदेशात वसलेले आहे. चालुक्य काळात हा भाग तर्दवाडी या विभागाशी निगडित होता. कलचुरी घराण्यातील पेर्माडी या विभागाचा महामंडलेश्वर होता.

गावाच्या नावाचीही स्वतंत्र चर्चा होते. मंगळ नावाच्या राजाने हे गाव वसविले, अशी लोकसमजूत आहे. कन्नड परंपरेत मंगळवाड, मंगळवेडे यांसारखी रूपे आढळतात. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या ग्रंथातील राजप्रशस्तीत ‘मंगलवेष्टक’ असे रूप वापरले आहे. संस्कृत ‘वेष्ट’ शब्दापासून प्राकृत ‘वेढ’ आणि त्यापासून मराठी ‘वेढा’ ही परंपरा भाषाशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. या अर्थाने मंगळवेढा म्हणजे मंगल तटबंदीने वेढलेले गाव. तथापि देशी नावाला शोभेसे संस्कृत रूप देण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. ‘मंगलवेष्टक’ हे मूळ नाव, की बोलीतील नावाचे विद्वानाने केलेले संस्कृतीकरण, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो. कन्नड रूपांतील ‘वाड’ आणि ‘वेडे’ ही पदे दुसऱ्या शक्यतेला अनुकूल आहेत.

हा प्रदेश तेव्हाही द्वैभाषिक होता. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग-कुडल येथील शक ९४० (इ.स. १०१८) चा मराठी लेख याच भीमेच्या खोऱ्यातील आहे. मराठी शब्दांचे वळण आणि कन्नड राजकारभार यांचा संगम असलेल्या या भूभागात गावाच्या एका नावाची दोन भाषांत दोन रूपे होणे आश्चर्याचे नाही.

राजकीय इतिहास

या शाखेच्या वंशावळीत उचित, आसग, कन्नम, किरियासग, पहिला बिज्जल, दुसरा कन्नम, जोगम व पेर्माडी ही नावे येतात. जोगमाच्या काळात घराण्याचे महत्त्व वाढले. त्याची मुलगी सावळदेवी हिचा विवाह चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्याशी झाला होता.

पेर्माडीचा मुलगा दुसरा बिज्जल इ.स. ११३० च्या सुमारास मांडलिक म्हणून पुढे आला. दुसरा जगदेकमल्ल व तिसरा तैलप या चालुक्य राजांच्या काळात त्याने आपले सामर्थ्य क्रमाने वाढविले. इ.स. ११५७ च्या चिक्कलगी येथील लेखात त्याला ‘महाभुजबल चक्रवर्ती’ असे संबोधले आहे. मांडलिकाने चक्रवर्ती म्हणवून घ्यावे, यावरून चालुक्य सत्तेची दुर्बलता स्पष्ट होते. इ.स. ११६२ मध्ये त्याने कल्याणी हस्तगत केली आणि ११६७ मध्ये मुलगा सोविदेव याच्या हाती राज्य सोपविले.

बिज्जलाच्या बिरुदांत ‘कालंजरपुरवराधीश्वर’, ‘सुवर्णवृषभध्वज’, ‘निश्शंकमल्ल’, ‘गिरिदुर्गमल्ल’ व ‘शनिवारसिद्धी’ यांचा समावेश होतो. कालंजर कधीही त्याच्या राज्यात नव्हते. ते बिरुद पूर्वजांच्या नगराचे स्मरण आहे.

बिज्जलानंतर त्याच्या मुलांना राज्य सांभाळता आले नाही. चालुक्य वंशातील चौथा सोमेश्वर याने सेनापती ब्रह्म याच्या साहाय्याने इ.स. ११८३–८४ मध्ये कल्याणी परत मिळविली. ही पुनःस्थापनाही टिकली नाही. ११८९ च्या सुमारास यादव राजा पाचवा भिल्लम आणि होयसळ राजा दुसरा बल्लाळ यांनी चालुक्यांचा प्रदेश वाटून घेतला. हेमाद्रीच्या प्रशस्तीनुसार भिल्लमाने मंगलवेष्टकाचा राजा बिल्लण याला ठार केले.

सार्वभौम राज्यकर्ते

• दुसरा बिज्जल (सार्वभौम सत्ता ११६२–११६७)
• सोविदेव, अर्थात सोमेश्वर (११६८–११७६)
• मल्लुगी (११७६, अल्पकाळ)
• संकम (११७६–११८०)
• आहवमल्ल (११८०–११८३)
• सिंघण (११८३–११८४)

बिज्जल, बसवेश्वर आणि परस्परविरोधी परंपरा

लिंगायत परंपरेनुसार बसवेश्वरांनी मंगळवेढा येथे बिज्जलाच्या दरबारी करणिक म्हणून सेवेस प्रारंभ केला आणि तेथे अनेक वर्षे वास्तव्य केले. पुढे ते कल्याणीस भांडारप्रमुख व मंत्री झाले. कल्याणीतील अनुभवमंटपात विविध जातींतील शरण एकत्र येत. याच काळात सोन्नलिगे, म्हणजे सध्याचे सोलापूर, येथे सिद्धरामेश्वरांचे कार्य सुरू होते व तेही या शरण परंपरेशी जोडले गेले.

हरळय्या हे जन्माने चर्मकार आणि मधुवरस हे जन्माने ब्राह्मण. या दोन शरणांच्या मुलांचा विवाह झाल्यावर बिज्जलाने दोघा पित्यांना देहदंड दिला, त्यातून कल्याणीत उठाव झाला आणि बिज्जलाचा वध झाला, असे ही परंपरा सांगते. जैन परंपरेतील ‘बिज्जलरायचरिते’ हा ग्रंथ बिज्जलाकडे जैन राजा म्हणून पाहतो आणि त्याचा अंत विषप्रयोगाने झाल्याचे सांगतो. एका कथनात बिज्जल छळ करणारा राजा आहे, तर दुसऱ्यात तो छळाचा बळी आहे.

हे ग्रंथ घटनांनंतर लिहिले गेले. पाल्कुरिकी सोमनाथाचे तेलुगू बसवपुराण तेराव्या शतकातील असून भीमकवीचे कन्नड बसवपुराण १३६९ मधील आहे. जैन चरित्र त्याहूनही पुष्कळ नंतरचे आहे. समकालीन लेखांत वृषभध्वजासारखी शैव चिन्हे दिसतात आणि सोविदेवाला राज्य सोपविल्याची नोंदही मिळते. त्यामुळे बिज्जलाच्या धर्माविषयी व मृत्यूविषयी कोणत्याही एका परंपरेच्या आधारे निर्णय देणे इतिहासकार टाळतात. मात्र शरणांच्या स्मृतीत तो विवाह आणि ती शिक्षा यांना जे केंद्रस्थान मिळाले, त्यातून त्या काळातील सामाजिक संघर्षाची तीव्रता निश्चितपणे कळते.

तुलना : अक्कदचे राज्य

राज्याचे नाव, त्याचा उगम आणि त्याच्या पतनाची कथा यांचे असेच नाते मेसोपोटेमियातील अक्कद या प्राचीन राज्यात दिसते. सारगॉनने इ.स.पू. २३३४ च्या सुमारास स्थापिलेल्या या राज्याला अगादे ऊर्फ अक्कद या राजधानीवरून नाव मिळाले. हे नाव सारगॉनच्या पूर्वीही प्रचलित होते आणि ते अक्कदी भाषेतील नसावे, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या भाषेला जगाने अक्कदी म्हटले, त्या भाषेत त्या नावाचा अर्थ लागत नाही. राज्य नष्ट झाल्यावरही ‘सुमेर व अक्कदचा राजा’ हे बिरुद नंतरचे राजे शतकानुशतके मिरवीत राहिले. बिज्जलाच्या ‘कालंजरपुरवराधीश्वर’ या बिरुदाशी त्याचे साम्य आहे.

अक्कदच्या नाशाचे कारण नराम-सिन राजाने निप्पूरचे एनलिल देवाचे मंदिर उद्ध्वस्त केले हे होय, असे एक सुमेरी काव्य सांगते. उत्खननातील लेखांवरून मात्र त्याच राजाने त्या मंदिराचे बांधकाम केल्याचे दिसते. राजसत्तेच्या अंताचे कारण राजाच्या धार्मिक अपराधात शोधण्याची ही प्रवृत्ती कल्याणीच्या संदर्भातही लक्षात घ्यावी लागते.

दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. अक्कद नगराचे स्थान अद्याप सापडलेले नाही. त्याचे नाव भाषेच्या रूपाने उरले. मंगळवेढा मात्र आजही नांदते आहे. पण तेथील लोकस्मृतीत कलचुरी हे नाव मागे पडले आहे.

वारसा

मंगळवेढ्याची आजची ओळख संतभूमी अशी आहे. भिंत कोसळून इ.स. १३३८ मध्ये येथेच निधन पावलेले संत चोखामेळा, दुष्काळात धान्याची कोठारे खुली करणारे दामाजीपंत आणि संत कान्होपात्रा यांच्यामुळे हे गाव वारकरी परंपरेत प्रसिद्ध आहे. ब्रिटिश काळात ते सांगली संस्थानात होते.

कलचुरींची आठवण मुख्यतः बसवेश्वरांच्या चरित्रातून टिकली आहे. ज्या राजाने आपल्या बिरुदांत दूरच्या कालंजरचे स्वामित्व मिरविले, त्याचे नाव त्याच्या दरबारातील एका करणिकामुळे घराघरांत पोहोचले. घराण्याच्या इतिहासाची विश्वसनीय साधने मात्र शिलालेख व ताम्रपट हीच आहेत. सोलापूर, विजयपूर व बीदर या जिल्ह्यांतील मंदिरे, बारव आणि शेतांच्या बांधांवर असे कोरीव दगड आजही आढळतात. रंगरंगोटी, सिमेंटचा गिलावा किंवा पायरी म्हणून झालेला वापर यांमुळे त्यांवरील अक्षरे नष्ट होतात. घराण्याच्या नावाची प्रत्येक जुनी नोंद, त्यातील ट आणि ल यांच्या फरकासह, व्युत्पत्तीच्या चर्चेत पुरावा ठरते. म्हणून अशा लेखांचे ठसे व छायाचित्रे घेऊन त्यांची नोंद होणे महत्त्वाचे मानले जाते.